पाचशे बाय पाचशेचा काळा चौकोन

नाशिकची छपाई काय दर्जाची असते हे पाहायचं असेल तर खिशातली नोट काढून उजेडात धरावी. नाशिकरोडला १९२५ साली सिक्युरिटी प्रेस सुरू झाला आणि १९२८ साली करन्सी नोट प्रेस. त्याआधी आपली तिकिटं आणि नोटा विलायतेत छापून बोटीने येत. हातातली नोट देवासची, म्हैसूरची किंवा सालबोनीचीही असू शकते, पण अस्सल नाशिककर हे मान्य करत नाही. नोटेच्या मागच्या बाजूला भाषांची ती पट्टी पाहावी. पंधरा भाषा, चष्मा पुसून वाचावी लागतील एवढी बारीक अक्षरं, आणि तरी एकाही भाषेची मात्रा शेजारणीच्या डोक्यावर चढलेली नाही.

आता तिथून काही किलोमीटर शहराकडे यावं. द्वारका सर्कलला सिग्नलवर थांबलं की समोर वाढदिवसाचा फ्लेक्स असतोच. ‘सार्यांचे लाडके, भावी नगरसेवक’. भाऊंच्या गॉगलमध्ये फोटोग्राफरचं प्रतिबिंब स्वच्छ दिसतं, गळ्यातल्या साखळीची कडी न् कडी मोजता येते, फक्त ‘साऱ्यांचे’ या शब्दाचं ‘सार्यांचे’ झालेलं असतं. भाऊंची तक्रार नसते, कारण फोटो मोठा आलाय. खाली शुभेच्छुकांचे चेहरे दाटीवाटीने लावलेले असतात, त्यांचीही नसते. प्रत्येकाने प्रुफात फक्त आपलं नाव तपासलं, आणि हा र कुणाच्याच नावात नव्हता.

या र-ची भानगड एकदा सांगून टाकतो. मराठीत अर्धा र दोन तऱ्हांनी लिहितात. सूर्यात तो रफार होऊन डोक्यावर बसतो. वाऱ्यात, पायऱ्यांत आणि खुद्द तऱ्हेत मात्र तो आडवी, वाकडी रेघ होऊन पुढच्या अक्षराला डावीकडून टेकतो. हिंदीचं या दुसऱ्या र-वाचून काही अडत नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फॉन्टात तो असेलच असं नाही. नेपाळीला तो लागतो. म्हणजे या एका बाबतीत नाशिकला दिल्लीपेक्षा काठमांडू जवळचं.

आमच्या गिर्यारोहण मंडळाच्या स्मरणिकेत हा र पानोपानी होता. मंडळातले बहुतेक सभासद निवृत्त. अंजनेरी आणि ब्रह्मगिरी हे नेहमीचे, पण हरिहरच्या त्या उभ्या कोरीव पायऱ्या चढून आलेला माणूस लेख लिहिल्याशिवाय राहत नाही. आणि डोंगरावरच्या मराठीत या र-शिवाय वाक्य पुरं होत नाही. पायऱ्या, दऱ्या, कपाऱ्या, बोचऱ्या वाऱ्यात कुडकुडणाऱ्या साऱ्याजणी. स्मरणिकेचं नावच मुळी ‘दऱ्याखोऱ्यांतून’. मुखपृष्ठाचं प्रूफ आलं ते ‘दर्याखोर्यांतून’. आमच्या खजिनदारांनी ते लांब धरून वाचलं आणि विचारलं, “आपण समुद्रावर कधी गेलो होतो?”

मेन रोडच्या मागच्या बोळात आमचे डीटीपीवाले बसतात. वय तिशीचं, पण त्यांना सगळे दादा म्हणतात, माझ्यासारखे सत्तरीतलेसुद्धा. मी प्रूफ पुढे केलं.

“सर, हा र या फॉन्टात नाही.”

“मग ज्यात आहे त्यात करा.”

“ज्यात आहे त्यात ळ बसका आहे. तुम्हाला चालेल. खजिनदारांना नाही चालणार, त्यांच्या आडनावात ळ आहे.”

गिऱ्हाइकाच्या आडनावापर्यंत अक्षरं लक्षात ठेवणारा हा माणूस, त्याला मी काय शिकवणार? “थांबा, करून देतो,” म्हणत त्यांनी कोरल या आरेखनाच्या प्रोग्राममध्ये एक गोल कंस टाइप केला, तो आडवा केला, दोन्ही टोकांना धरून चपटा केला आणि सरकवत सरकवत य-ला नेऊन चिकटवला. मग पान लांब करून दाखवलं. “दिसतंय ना?” दिसत होतं. ‘दऱ्या’ अगदी दऱ्याच दिसत होत्या. पण मुखपृष्ठावर दोन कंस आडवे केले म्हणून आतल्या शंभर पानांत किती करणार?

दादांच्या संगणकात फॉन्टांची यादी माउसचं चाक फिरवून फिरवून बोट दुखलं तरी संपत नाही. श्रीलिपीचे, आकृतीचे, सी-डॅकच्या आयएसएममधले सुरेख आणि योगेश, मग शिवाजी, किरण. पूर्वी यातल्या काहींसोबत डोंगल यायचा. तो संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या खाचेत खोचावा लागे, आणि साफसफाईत तो हलला की दुकानातली मराठी बंद. या जुन्या फॉन्टांचं गुपित असं की त्यांच्या आत मराठी नसतेच. आत जागा असतात त्या इंग्रजी अक्षरांच्या, डॉलरच्या, टक्क्याच्या, स्वल्पविरामाच्या. त्या जागांवर काना, मात्रा आणि व्यंजनांचे अर्धेमुर्धे तुकडे आणून बसवलेले. फॉन्ट आहे तोवर ‘चि. सौ. कां.’. फाईल दुसऱ्या संगणकावर गेली आणि तिथे तो फॉन्ट नसला की त्याच ओळीत कंस, डॉलर आणि उद्गारचिन्हं. वधूपक्षाचा मजकूर वरपक्षाकडे उघडत नाही आणि तरी लग्नं जमतात, याचं श्रेय पत्रिका छापणाऱ्यांना कुणी देत नाही.

म्हणून या धंद्यात एक वाक्य दिवसातून शंभरदा कानावर पडतं, “फाईल कर्व्ह करून पाठवा.” कर्व्ह केलं की अक्षर हे अक्षर राहत नाही, नुसती रेघांची आकृती उरते. तिला फॉन्ट लागत नाही, ती कुठल्याही यंत्रावर तशीच्या तशी दिसते. रामकुंडावर दहाव्या दिवशी जे होतं तेच इथे होतं. आत्मा मोकळा, मागे नावगाव नाही, परत येणं नाही. परत येणं नाही हे प्रूफ तपासणाऱ्याला फार उशिरा कळतं. कर्व्ह झालेल्या ‘स्वगत समारंभा’चं ‘स्वागत’ करायचं तर काना टाइप करता येत नाही, दुसऱ्या कुठल्यातरी शब्दातून कापून आणावा लागतो. आणि ज्यातून कापला तो शब्द बहुधा पाहुण्यांच्या नावातला निघतो.

गणित शिकवण्यात जन्म गेल्यामुळे माझ्याकडे दुसरा एक रस्ता होता. टेक नावाची अक्षरजुळणीची प्रणाली. शेवटचा उच्चार ख-च्या अंगाने जाणारा करावा असं तिच्या कर्त्याचं म्हणणं आहे, पण आमच्या स्टाफरूममध्ये ते कधी कुणी मनावर घेतलं नाही. कर्ते म्हणजे स्टॅनफर्डचे डोनाल्ड क्नूथ. १९७७ साली त्यांच्या जाडजूड ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. ती त्यांना इतकी कुरूप वाटली की जुळणीची प्रणाली आपणच लिहायची असं त्यांनी ठरवलं. वर्षभरात उरकेल असा अंदाज होता, पुरती दहाएक वर्षं गेली. प्रुफं पाहून संतापणारे लेखक आपल्याकडे पैशाला पासरी आहेत, पण ते छापखान्यात फोन करतात, फार तर पुढचं पुस्तक दुसऱ्या प्रकाशकाला देतात. त्यातल्या त्यात आमचे त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके क्नूथ यांच्या वळणाचे. छापखान्यात भागीदारांशी बिनसलं तेव्हा त्यांनी सिनेमा काढला.

आपल्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला क्नूथ २ डॉलर ५६ सेंटचा चेक लिहून देत, हे मी दादांना एकदा कौतुकाने सांगितलं. ते म्हणाले, “आमच्याकडे गिऱ्हाईक चूक दाखवतं आणि पैसे कापून घेतं.”

टेकमध्ये मराठी येत नाही असं नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ साली टेकसाठी देवनागरी फॉन्ट केला आणि सोबत रोमन मजकुराचं देवनागरीत रूपांतर करणारा एक छोटा प्रोग्रामही. त्यात ठ हवा असेल तर टीएचच्या आधी टिंब द्यायचं, श हवा तर एसच्या आधी दुहेरी अवतरणचिन्ह, ळ हवा तर मोठा एल. वाऱ्यातला र हवा तर आरच्या आधी नागमोडी टिल्ड. म्हणजे द्वारका सर्कलला ज्याचा पत्ता नाही त्या र-ची सोय डच माणसाच्या संचात आहे. अक्षरांची वळणंही निवडता येतात, एक बॉम्बे आणि एक कॅलकटा, शिवाय नेपाळी. नाशिक नाही. नाशिककराचं कुठलंही मोठं काम मुंबईला गेल्याशिवाय होत नाही, त्यात आता अ आणि झ यांचीही भर. मी दोन पानं त्यात जुळवून खजिनदारांना दाखवली. त्यांनी पानावरून हात फिरवला आणि म्हणाले, “हे पोथीतलं वाटतंय. आपण वर जाऊन भेळ खातो, पारायण नाही करत.”

त्यांना दादांच्याच फॉन्टातली स्मरणिका हवी होती. मुखपृष्ठाला एक आणि आत दुसरा हे बरं दिसत नाही असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. म्हणजे दादांचा फॉन्ट टेकमध्ये बसवणं आलं. आणि त्या कामासाठी फॉन्टइन्स्ट.

टेकला अक्षर कसं दिसतं याच्याशी काही कर्तव्य नसतं. त्याला हवी असतात मापं. रुंदी किती, उंची किती, रेषेच्या खाली किती, अमक्याशेजारी तमका आला तर दोघांना किती जवळ घ्यायचं. हे सगळं त्याच्या नमुन्यातल्या फाईलमध्ये भरून दिलं तरच तो फॉन्टाला आत घेतो. दुसऱ्या नमुन्यातली मापं वाचून हा अर्ज भरून देणारा मॅक्रोंचा संच म्हणजे फॉन्टइन्स्ट. ससेक्स विद्यापीठाचे ॲलन जेफ्री यांनी तो १९९३ साली लोकांपुढे ठेवला, पुढे लार्स हेलस्ट्रॉम या स्वीडिश गृहस्थांनी तो सांभाळला आणि वाढवला. गंमत अशी की हा सगळा कारभार टेकमध्येच लिहिलेला आहे. टेकचा जन्म परिच्छेद जुळवण्यासाठी, त्याला साधा भागाकार करायला लावायचा तरी चार आडवळणं घ्यावी लागतात. पण जेफ्री यांचा हिशेब चोख होता. ज्याच्याकडे टेक आहे त्याच्याकडे हा संच चालणारच, बाहेरून काही मागायला नको. मुंबईत जावजी दादाजींनी आधी खिळे ओतायचा कारखाना काढला आणि मग निर्णयसागर छापखाना. त्यांना हा हिशेब लगेच कळला असता.

संचाला द्यायचा हुकूम तसा तीन-चार ओळींचाच. पहिल्या ओळीत संच बोलवायचा, मधे फॉन्टाच्या कुटुंबाचं नाव सांगायचं, शेवटी ‘बाय’ लिहायचं. हे ‘बाय’ टेकमध्ये खरंच लिहावं लागतं. त्यावर संच पडदाभर मजकूर ओकतो आणि फाईलींची रास घालून ठेवतो. त्या फाईली अजून टेकच्या पोटात जाण्याजोग्या नसतात. प्रत्येकीला दुसऱ्या प्रोग्रामातून काढायचं, मग वेगवेगळ्या फोल्डरांत नेऊन ठेवायचं, नकाशाच्या फाईलमध्ये नोंद घालायची, आणि हे सगळं झाल्याची वर्दी देणारी आणखी एक आज्ञा द्यायची. ती विसरली तर समोर ठेवलेली फाईल टेकला दिसत नाही. आपण कचेरीत उभे आहोत, कागद टेबलावर आहे, पण आवक रजिस्टरला नोंद नाही, हा अनुभव ज्याला आहे त्याला इथे काही नवीन वाटणार नाही.

फाईलींची नावं आठ अक्षरांत बसवायची, कारण तेव्हा डॉसला त्याहून लांब नाव झेपत नसे. कार्ल बेरी यांनी त्यासाठी पद्धत घालून दिली. पहिलं अक्षर ओतशाळेचं, पुढची दोन फॉन्टाची, मग जाडी, मग सांकेतिक संचाचा क्रमांक. पीटीएमआर८टी म्हणजे ॲडोबीकडचा टाइम्स, साधा, कॉर्कला ठरलेल्या संकेतातला. कॉर्क हे आयर्लंडमधलं गाव. १९९० साली तिथे टेकची मंडळी जमली आणि युरोपातल्या भाषांना २५६ घरं वाटून मोकळी झाली. त्या चाळीत आपलं बिऱ्हाड नाही. पण दादांचा फॉन्ट वरून इंग्रजीच असल्यामुळे त्याला जागा मिळायला हरकत नव्हती.

आणि इथे खरी मजा सुरू झाली. फॉन्टइन्स्ट अक्षराला नावाने ओळखतो. टाइम्समध्ये ए नावाचं अक्षर असतं, त्याची रुंदी हजारात ७२२, हे मापाच्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं आणि ते खरं असतं. दादांच्या फॉन्टातही ए होता. रुंदी लिहिलेली होती. रूप मात्र कुणाच्यातरी अर्ध्या देहाचं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. फॉन्टइन्स्टला याची शंकासुद्धा येत नाही. तो भला माणूस नावावर विश्वास ठेवून फ्रेंच आणि चेक लोकांसाठी ए-वर तिरकी रेघ चढवायला घेतो, आणि त्या अर्ध्या देहावर कुठलीशी मात्रा बरोबर मधोमध आणून बसवतो. मधोमध म्हणजे किती, तर मोजून, अपूर्णांकाला धरून. इतकी शिस्तीत केलेली अशुद्ध मराठी मी परीक्षेच्या पेपरातही पाहिलेली नाही.

खरं सांगायचं तर जोडकाम हाच या संचाचा पिंड आहे. फॉन्टात जे नाही ते असल्याचं भासवायचं. तयार ए-अक्यूट नाही? ए घे, अक्यूट घे, वर ठेव. लहान आकाराची कॅपिटल नाहीत? मोठीच कॅपिटल घे आणि हजाराची आठशे कर. तिरका फॉन्ट नाही? सरळ उभा आहे त्यालाच हजारात १६७ने कलता कर. हे वाचताना मला बोळातलं ते टेबल आणि तो आडवा केलेला कंस दिसत होता. ससेक्सच्या विद्यापीठात आणि आमच्या मेन रोडच्या मागे एकच विद्या चालते. फरक इतकाच की तिकडे ती आधी लिहून ठेवतात.

आणि दुसरा एक फरक. फॉन्टइन्स्टच्या यादीत काही अक्षरं अशी आहेत की ती कशाला काहीही जोडलं तरी होत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी आज्ञा आहे, ‘अनफेकेबल’, म्हणजे यांचं सोंग आणता येत नाही. अशा अक्षराच्या जागी संच हजाराच्या मापात पाचशे रुंद, पाचशे उंच असा भरीव काळा चौकोन काढतो आणि शेजारी इशारा नोंदवतो की अमुक अक्षर गैरहजर आहे. माझा संबंध जन्मभर शासकीय आणि निमशासकीय कागदांशी, त्यामुळे ‘आमच्याकडे हे नाही’ असं छापून सांगणारी यंत्रणा पाहून मी जरा वेळ खुर्चीत मागे टेकून बसलो. आपल्याकडे ‘नाही’ कोण म्हणतं? ‘उद्या या’ म्हणतात.

स्मरणिकेचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात मजा कमी आहे. फॉन्टइन्स्ट सोडून मी झीटेक या टेकच्याच नव्या रूपाकडे वळलो. ते २००४ साली जोनाथन क्यू यांनी आणलं. ते संगणकातले युनिकोड फॉन्ट थेट उचलतं, मापांचे अर्ज भरावे लागत नाहीत. युनिकोडमध्ये त्या र-साठी ऱ हे अक्षर वेगळं आहे, आणि र. कृ. जोशींनी केलेला मंगल विंडोज २००० पासून फुकट येतो आहे, तेव्हापासून ज्याला शुद्ध मराठी टाइप करायची त्याला कुणी अडवलेलं नाही. अडचणी उरल्यात त्या किरकोळ. लिपी देवनागरी आहे हे झीटेकला बजावून सांगावं लागतं, नाहीतर ‘नाशिक’ची पहिली वेलांटी श-ला सोडून क-ला जाऊन चिकटते. भाषा मराठी आहे हे सांगितलं नाही तर ज्या फॉन्टात दोन्ही वळणं आहेत त्यातही ल आणि श हिंदी वळणाचे येतात. दोन्ही सांगितलं. खजिनदारांना एक फॉन्ट पसंत पडला, अर्थात ळ पाहून. शंभर पानांत सगळ्या पायऱ्या, दऱ्या आणि कपाऱ्या सुखरूप उतरल्या.

पीडीएफ घेऊन मी दादांकडे गेलो. प्रकाशन समारंभाचा फ्लेक्स त्यांच्याकडेच होता. त्यांनी पानं वरखाली केली, ऱ मोठा करून पाहिला, मान डोलावली आणि म्हणाले, “झकास. फक्त कर्व्ह करून द्या.” त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी त्यांना फॉन्टइन्स्टच्या त्या चौकोनाची हकीकत सांगितली. त्यांनी माउस सोडला.

“म्हणजे अक्षर नसलं की सरळ काळा डबा छापतो?”

“आणि शेजारी लिहितो, अक्षर नाही म्हणून.”

“हे फुकट मिळतं ना, सर?”

“हो, फुकट.”

“तरीच. पैसे घेतल्यावर काळा डबा देता येत नाही. ॲडव्हान्स घेतला की कंस आडवा करावाच लागतो.” आणि माउस पुन्हा हातात घेत त्यांनी विचारलं, “फ्लेक्सवर खजिनदारांचा ळ केवढा घेऊ?”